घंटेखालचा स्पंज

ईट, ता. भूम
रविवार, १२ जानेवारी २०२५

ती. अण्णास,
शरणू शरणार्थी. पाकिटावर 'श्रीयुत शिवपुत्र यांना' असं मानानं लिहिलंय. आत मात्र तू तोच अण्णा, आणि मी तीच.

हे पत्र मी दिवाळीपासून टाळते आहे. वही काढायची, तारीख घालायची, 'ती. अण्णास' लिहायचं आणि पेनाचं टोपण चावत बसायचं, असं चार वेळा झालं. चारही पानं फाडली. एका पानावर आमच्या सरांनी (त्यांचं पुढं सांगते) भजी खाल्ली. फोन केला तर तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी दुसऱ्या मिनिटाला माझ्या लग्नावर, 'पाव्हणे किती दिवस थांबतील' वर गाडी येते. येळवशीच्या सणाला, मार्गशीर्षातल्या अमावस्येला, शेतात आले नाही म्हणून तू चिडला असशील. पालेभाज्यांच्या भज्जीचं पातेलं डोळ्यांपुढं येत होतं, तरी नाही आले. कारण सांगते, पण जरा दमानं.

आधी खुशाली. मी बरी आहे. वजन वाढलंय. सोलापूरची मोबाइलच्या दुकानातली नोकरी सोडली. त्यानंतर रोपवाटिकेत होते, तिथनं त्यांनीच काढलं. आंब्याच्या कलमांच्या चिठ्ठ्या माझ्याकडनं इकडच्या तिकडं झाल्या. पाच वर्षांनी कुणाच्या तरी शेतात केशर म्हणून भलताच आंबा लागेल, तेव्हा माझी आठवण काढतील. आता आठ महिने झाले, उत्तरेश्वर सरांच्या गाडीवर आहे. सर म्हणजे रिटायर झालेले विज्ञानाचे मास्तर. त्यांनी एक जुनी रुग्णवाहिका विकत घेतली, आतला पलंग काढून कपाटं बसवली, आणि शाळाशाळांतून प्रयोग दाखवत फिरतात. बाहेरून 'फिरती प्रयोगशाळा' असं रंगवलंय, पण गाडीचा चेहरा तोच. गावात शिरलो की बाया पदर सावरत येतात, "कोन हाय ओ आत? काय झालं?" ढोकीत तर उसाच्या ट्रॅक्टरांनी बाजूला होऊन वाट दिली. सर म्हणाले, "महेश्वरी, विज्ञानाला एवढा मान मी नोकरीत कधी बघितला नाही."

माझं काम म्हणजे सामान मांडणं, पुसणं, पोरांना ओळीत बसवणं, आणि सरांचा घसा बसला की प्रयोग बोलून दाखवणं. दहावीला विज्ञानात मला एकोणचाळीस होते. तू ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं होतंस. तीच मी आता पोरांना हवेचा दाब शिकवते. हस खुशाल.

इथं ईटला काल संध्याकाळी आलो. आज रविवार, शाळा बंद, म्हणून गाडी शाळेच्या आवारात उभी आणि मी पायरीवर. शेजारी खव्याची भट्टी आहे. एवढा वास येतोय की लिहिताना दोनदा उठून बघून आले. भट्टीवाले आजोबा म्हणाले, "नुसतं बगू नगंस, खाऊन बग." खाल्ला. असो.

एक प्रयोग तुला सांगायचाय, पत्र त्यासाठीच आहे. काचेचा एक घुमट असतो, मोठ्या हंड्याएवढा. त्याच्या आत विजेची घंटा. घंटा सुरू केली की खणखण वाजते, बाहेर स्पष्ट ऐकू येतं. मग पंपानं आतली हवा ओढायची. आवाज बारीक होत जातो, लांब गेल्यासारखा होतो, आणि संपतो. पण घंटेचा दांडा दिसत असतो. तो ठोके मारतोय, मारतोय, मारतोय, आणि काही नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला रडू आलं. सरांना वाटलं विज्ञानानं भारावली पोरगी. त्यांनी मला त्या दिवशी उसाचा रस पाजला.

सर पोरांना सांगतात, "आवाजाला तिघं लागतात. एक वाजणारा, एक वाहून नेणारा, एक ऐकणारा. एक जरी उठून गेला की खेळ खलास." हे मी तीसेक शाळांत ऐकलं. ढोकीत सातवीतली समृद्धी नावाची पोरगी उभी राहिली. म्हणाली, "सर, चंद्रावर हवा न्हाय ना? मग उसाचा ट्रॅक्टर चंद्रावर नेला, मोठ्यानं गाणी लावून, तर ड्रायव्हरला गाणं ऐकू येईल का?"

"नाही," सर म्हणाले.

"आन् त्यानं स्पीकरला पाठ टेकली तर?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "हा प्रश्न परीक्षेला येत नाही. बस खाली."

ती बसली, पण बसता बसता पुटपुटली, "पाठीला तर कळंल की."

हे माझ्या डोक्यातनं जाईना. पुढं आठवडाभर मी सरांना गाडीत पिडलं. ऐकणारा नसला तर आवाज नाही म्हणता, मग शाळा सुटल्यावर कुणी टोल मारला तर तो पडत नाही काय? सर म्हणाले, टोल हलतो, हवा हलते, त्याला आवाज म्हणायचं का ते कान ठरवतो. मी म्हणाले, "म्हणजे बहिऱ्या माणसाच्या घरात भांडी पडली तर ती पडलीच नाहीत?" सर म्हणाले, "पडली गं बाई, सगळी पडली. तू चहा टाक."

चहावरनं आठवलं. घंटेखाली स्पंजाचा एक जाड तुकडा ठेवायचा असतो. का ठेवायचा ते मी कधी विचारलं नाही. मला वाटलं, खालच्या थाळीला ओरखडे पडू नयेत म्हणून असेल. तो तुकडा मी एक दिवस चहाचं पातेलं घासायला घेतला आणि कुठल्या तरी गावच्या नळावर विसरून आले. सरांना सांगितलं नाही. मागच्या आठवड्यात आम्ही माकणीला गेलो तेव्हा घंटा तशीच थाळीवर ठेवली, थाळी टेबलावर. हवा ओढली. मी ऐटीत ओरडले, "बघा, गेला आवाज!"

पुढची पोरं कोपरं टेकून बसली होती. ती एकमेकांकडं बघायला लागली. तेवढ्यात शाळेत खिचडी शिजवणाऱ्या नागूबाई पुढं आल्या. पन्नाशीच्या असतील. हात ओले, पदर खोचलेला. लहानपणी तापात त्यांचे कान गेलेत, सगळ्या गावाला माहीत. त्यांनी दोन्ही तळवे टेबलावर ठेवले आणि मोठ्यानं म्हणाल्या, "वाजतंय की!"

हेडमास्तर हसले. "नागूबाई, तुमच्या मागं ढोल वाजला तरी तुमास्नी कळत न्हाय, आन् ह्ये कळलं?"

सगळे हसले. नागूबाईंनी त्यांचं तोंड हललेलं बघितलं, हसणंही बघितलं. हात काढला नाही. "हसा. तुमास्नी कान हायती, मला हात हायती. वाजतंय म्हंजी वाजतंय."

सरांनी वाकून घंटेखाली बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. माझा चेहरा पातेल्यासारखा झाला असणार. पण सर कसले! सगळ्या शाळेसमोर म्हणाले, "नागूबाई बरोबर आहेत. आम्ही हवा काढली, लाकूड कुठं काढलं? स्पंज असता तर धडधड तिथंच अडली असती. स्पंज नाही, म्हणून ती थाळीतनं टेबलात आणि टेबलातनं ह्यांच्या हातात गेली. या, एकेकानं गाल टेकवा." सगळी शाळा ओळीनं आली आणि टेबलाला गाल लावून गेली. हेडमास्तरांनीही लावला.

नंतर मी नागूबाईंना भेटायला स्वयंपाकाच्या खोलीत गेले. त्यांच्या समोर उभी राहिले, उजेडाकडं तोंड करून, हळू हळू बोलले. त्यांनी मला वरपासनं खालपर्यंत बघितलं. "पोरी, तू ओठ दावून बोलतीस. ही सवय उगं लागत न्हाय. तुज्या घरी कोन हाय?"

मी म्हणाले, "कुणी नाही."

अण्णा, मी 'कुणी नाही' म्हणाले. त्या बाईनं खिचडीची वाटी पुढं केली.

आता ऐक. तुझी लेक शिवलीला बहिरी आहे. घे, लिहून टाकलं. तू म्हणशील, मी पाय आपटून बघितलं, ती लगेच वळली. दार आपटलं की वळते, पोतं टाकलं की वळते. अरे, आपल्या घरात खाली शहाबादी फरशी आहे. ती पायानं वळते, कानानं नाही. घंटा टेबलातनं नागूबाईंच्या हातात गेली तशी तुझी लाथ फरशीतनं तिच्या तळपायात जाते. पलंगावर गादीत बसव, मागं जा, आणि मग हाक मार. किती वेळा मारायची तितक्या वेळा मार.

आणि ते दोन भाषांचं. घरात अव्वाचं कन्नड आणि तुमचं मराठी, म्हणून पोरगी गोंधळली आणि बोलायची थांबली, हे तुला दुकानासमोरच्या बाकड्यावरल्या शहाण्यांनी सांगितलं आणि तू दीड वर्षं अव्वाला कन्नड बंद केलंस. अरे, आपण दोघं त्याच दोन भाषांत वाढलो! आपण कधी गोंधळलो? उलट तू दोन भाषांत भांडायला शिकलास. आळंदचं कानडी गिऱ्हाईक आलं की तूच 'एन बेकु', काय पाहिजे, म्हणून हसत पुढं होतोस, आणि घरात स्वतःच्या आईला म्हणतोस, पोरीपुढं मराठीत बोल नाहीतर गप्प बस. अव्वाला मराठी कुठलं येतं? 'जेव', 'झोप', 'ये', 'नको'. चार शब्दांत बाई कशी राहणार? ती गप्प बसली. गोठ्यात जाऊन म्हशीशी कन्नडमध्ये बोलते, वैनीनं मला सांगितलंय. म्हैस गोंधळली नाही अजून.

आठव जरा. शिवलीला तान्ही होती तेव्हा कुणाकडं झोपायची? अव्वाकडं. अव्वा तिला उराशी घट्ट धरायची, हनुवटी तिच्या डोक्यावर टेकवायची आणि जोगुळ म्हणायची, तिची कन्नड अंगाई. जाडा, घोगरा आवाज. पोरगी दहा मिनिटांत गाढ. तू कन्नड बंद केलंस तेव्हा जोगुळही बंद झालं, आणि त्यानंतर ती झोपायला दोन दोन तास घेते, रडते, डोकं आपटते. तू म्हणतोस हट्टी झाली. अण्णा, तिला एकच आवाज येत होता. हाडातनं येत होता. तेवढाच तू काढून घेतलास.

तुला टोचून बोलायचं नव्हतं. होतं, खरं तर. पण पुढचं वाच.

धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात कानाची तपासणी होते. डोक्याला वायरी लावून मशीनवर बघतात. मी जाऊन चौकशी केली. बुधवारी, २९ तारखेला सकाळी दहा वाजता नंबर लावलाय, शिवलीलाच्या नावानं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चार वर्षं म्हणजे उशीर झालाय, पण वेळ पूर्ण गेली नाही, आता मात्र एक दिवस घालवू नका. मशीन बसवायचं की ऑपरेशन की हातांची भाषा, ते तपासणीनंतर ठरेल. काहीही ठरो, पोरीला बोलायचं काहीतरी मिळेल.

तू येऊ नकोस, दुकान सांभाळ. वैनीबरोबर पाठव. मला हे माकणीत कळलं, कळल्या कळल्या तुला लिहिते आहे. तू नाही म्हणालास तर मी घरी येऊन पोरगी उचलून नेईन आणि तू बघत राहशील. धमकी समज.

अव्वाला शरणू.

तुझी बहीण,
महेश्वरी

*

धाराशिव
बुधवार, २९ जानेवारी २०२५, दुपारी सव्वाबारा

अण्णा,

तुझं उत्तर आलं नाही. मी वाटही बघितली नव्हती. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसून लिहिते आहे. हे पत्र पोस्टात टाकायचं की नाही ते ठरलेलं नाही, पण लिहायचं ठरलंय.

वैनी आली. सकाळी साडेनऊला शिवलीलाला कडेवर घेऊन फाटकात उभी होती. पहाटेची एसटी पकडली म्हणाली. तू काय म्हणालास तेही सांगितलं, "जा, नणंदेचं ऐक, दोघी मिळून पोरीला वेडी ठरवून या." आणि तरी ती आली. आठ वर्षांत तिनं तुला उलटं उत्तर दिलेलं मी बघितलं नाही, आजही दिलं नसेल. नुसती उठली आणि आली. तुझ्या घरातली सगळ्यात धीट बाई ती आहे, तुला माहीत नसेल म्हणून सांगते.

शिवलीला किती मोठी झाली रे! मला ओळखत नव्हती, पण माझ्या बांगड्या ओळखल्यासारखं तिनं हात धरला. माझ्या तोंडाकडं टक लावून बघते. मी जे बोलेन त्याचे ओठ करते, आवाजाशिवाय. घंटेचा दांडा हलतो ना, तसं.

अडचण वेगळीच झाली. ही तपासणी पोर झोपेत असताना करावी लागते. जागी असली तर हलते, वायरींत काही कळत नाही. झोपेचं औषध देतात, पण तिला सर्दी आहे, छातीत घरघर आहे, म्हणून डॉक्टरीणबाई म्हणाल्या आज औषध नको, आपोआप झोपली तर करू. दोन वाजेपर्यंत थांबते म्हणाल्या. नाहीतर पुढची तारीख महिन्याभरानं. चांगल्या आहेत बाई, त्यांनी जेवणाची सुट्टीसुद्धा पुढं ढकलली.

ती झोपेना. वैनीनं दूध पाजलं, मी व्हरांड्यात फेऱ्या मारल्या, मांडीवर थोपटलं, अंधाऱ्या खोलीत नेलं. पोरगी दमून लाल झालीय आणि डोळे टक्क उघडे. समोरच्या रांगेतली एक आजी म्हणाली, "नजर लागली हिला." दुसरी म्हणाली, "आईला झोप न्हाय तर लेकराला कुटली यील?" वैनी हसली आणि हसता हसता रडली.

मी वैनीला म्हणाले, आपण दोघी मिळून जोगुळ म्हणू. मला चालच आठवेना. शब्द येतात, चाल येत नाही. मी म्हटलं तर पोरगी माझ्या छातीवर हात ठेवून बघायला लागली आणि हात काढून घेतला. माझा आवाज पातळ आहे. उरात काही हललं नसेल.

मग वैनीनं मला विचारलं, "महेश्वरी, तू लिहिलंस माकणीत कळलं म्हणून. खरंय का?"

मी "हो" म्हणाले.

आणि इकडं बाकावर येऊन वही काढली. कारण ते खोटं आहे. मागच्या पत्रातलं ते एक वाक्य खोटं आहे, बाकी सगळं खरं.

मला बारशाच्या दिवशी कळलं. आठवतंय? पाळणा माजघरात आढ्याला टांगलेला. मी वाकून कानात नाव सांगितलं, कुर्रर्र केलं, आणि बायांनी माझ्या पाठीत असे धपाटे घातले की दोन दिवस दुखत होती. त्या गडबडीत फळीवरची पितळी परात खाली पडली. सगळं घर दचकलं. शेजारच्या बाईचं पोर किंचाळून रडायला लागलं. शिवलीलाची पापणी हलली नाही. बाया म्हणाल्या, "काय गुणाची पोर! शिवरात्रीची हाय, शिवासारखी शांत." तूही छाती फुगवलीस. पाळणा दोरीला लोंबत होता, त्याला जमीन लागत नव्हती. मला तेव्हा हे कळलं नाही, आता कळतं. पण परातीचं मला तेव्हाच खटकलं. संध्याकाळी सगळे जेवायला बसले तेव्हा मी पाळण्यामागं जाऊन तीनदा टाळी वाजवली. ती छताकडं बघत राहिली.

वर्षानं, तिच्या पहिल्या वाढदिवसाला, मी पुन्हा बघितलं. ताट आणि चमचा घेतला, तिला गादीवर बसवलं, मागं गेले. तेव्हा शंकाच राहिली नाही.

बोलले का नाही? तू विचारशील, म्हणून लिहिते. आप्पा गेल्यावर घरात मोकळे हात माझेच होते. तू दुकानात, वैनी स्वयंपाकात, अव्वा गुरांत. मी सांगितलं असतं की पोरीला ऐकू येत नाही, तर दवाखान्याच्या फेऱ्या मलाच लागल्या असत्या. सोलापूर, पुणे, वर्ष, दोन वर्षं. आणि मग तू म्हणाला असतास, घरात हे असं, आता उरकून टाकू तुझं लग्न, नाहीतर पाव्हणे यायचे थांबतील. मला जायचं होतं, अण्णा. एवढंच. मला कुठं जायचं ते माहीत नव्हतं, नुसतं जायचं होतं. वाढदिवसाच्या पाचव्या दिवशी मी बॅग भरली. मनात म्हणाले, कळेल त्यांचं त्यांना, आई-बाप आहेत. मग मोबाइलच्या दुकानात बसून मी बहिऱ्या पोरांचे व्हिडिओ बघायची. त्यांच्याशी कसं बोलायचं, कुठं उभं राहायचं. नागूबाईंना ते एका मिनिटात दिसलं.

आणि एक राहिलं. हे सगळ्यात अवघड आहे, म्हणून शेवटी. दीड वर्षापूर्वी तू फोनवर म्हणालास, "अव्वाचं कन्नड बंद केलंय, पोरगी बोलायला लागेल आता." तुझ्या आवाजात एवढी आशा होती! मला माहीत होतं की ते चूक आहे. जगात एकट्या मला माहीत होतं. आणि मी काय म्हणाले? "बरं केलंस."

तू विसरला असशील. मी नाही. अव्वाच्या तोंडाला कुलूप तू लावलंस, पण किल्ली फिरवताना मी 'बरं केलंस' म्हणाले. तिच्या उरातनं पोरीच्या उरात जे जात होतं त्याच्या मधे स्पंज घातला तो आपण दोघांनी. तू न कळून, मी कळून.

उद्या बाया म्हणतील, आत्यानं कानात जोरात कुर्र केलं म्हणून कान गेले. म्हणतीलच, मला गाव माहीत आहे. तेव्हा तू त्यांना गप्प कर. कान माझ्या कुर्रनं गेले नाहीत, ते आधीच नव्हते. माझी चूक माझ्याकडं आहे, पुरेशी मोठी आहे. दुसरी उगाच लावून घेणार नाही.

आणि माफी मागत नाही. मागितली की तू मोठा भाऊ होशील, 'जाऊ दे' म्हणशील, आणि सगळं गोड होईल. मला हे गोड व्हायला नको. मला पोरीची तपासणी व्हायला पाहिजे आहे. आज झाली नाही तर महिन्यानं, महिन्यानं नाही तर दर बुधवारी मी इथं येऊन बसेन. सरांना सांगून टाकलंय, मला आता गाडीवर धरू नका. ते म्हणाले, "घंटा कोण वाजवणार?" मी म्हणाले, समृद्धीला विचारा, ढोकीच्या. सातवीत आहे, पण तुमच्याहून पुढं आहे.

आत्ता एक वाजायला आलाय. वैनी पोरीला घेऊन पिंपळाखाली गेलीय. इथून दिसते. शिवलीला तिच्या खांद्यावरनं इकडंच

थांब.

फाटकात तुझी मोटरसायकल आली. तू आहेस. डोक्याला मफलर, तोंड धुळीनं भरलेलं. मागं अव्वा बसलीय, तुझ्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारून. घरून, उमरग्याहून इथपर्यंत अव्वा मोटरसायकलवर! तिला चालता येत नाहीये, पाय अवघडलेत, तरी ती तुझी वाट न बघता सरळ पिंपळाकडं निघाली. चप्पल एक राहिली मागंच. तिनं वैनीच्या हातातनं पोरगी ओढून घेतली, उराशी लावली, आणि बोलतेय. इथवर ऐकू येतंय. "बारव्वा, नन्न कूसा." ये गं माझ्या लेकरा. कन्नडमध्ये, भर दवाखान्यात, सगळ्यांदेखत. तू तिच्यामागं चप्पल हातात घेऊन उभा आहेस. तू तिला गप्प करत नाहीस.

पत्र अव्वापर्यंतही पोचलं होतं म्हणजे. कुणी वाचून दाखवलं अव्वाला, तू की वैनीनं, ते नंतर विचारीन.

आता तू इकडं बघितलंस. माझ्याकडं येतोयस. वही मिटून पिशवीत टाकता येईल. तू आलास, अव्वाला आणलंस, सगळं आपोआप बरं होतंय. मागचं कुणाला कळायचं कारण नाही, आणि तू मला शहाणी म्हणशील, पोरीला वाचवणारी आत्या म्हणशील.

नाही. पानं फाडते आहे ती तुझ्या हातात द्यायला. उभ्यानं वाच, इथंच, आत जायच्या आधी. मग काय बोलायचं ते बोल, मराठीत बोल, कन्नडमध्ये बोल. या वेळी मी बॅग आणलेली नाही.

शिवलीलाची आत्या,
महेश्वरी